घर नसलेल्यांचा गृहपाठ

आपल्याकडे शाळेचा इतिहास बहुधा संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शाळा कोणत्या साली निघाली, कोणी काढली, इमारतीला देणगी कोणाची, पहिले मुख्याध्यापक कोण, एवढे नोंदवले की इतिहासकाराचे काम आटोपते. वर्गाच्या आत कोण कोठे बसत होते, फळ्यापर्यंत कोणाला जाता येत होते आणि शाळा सुटल्यावर मूल दप्तर घेऊन कसल्या घरात शिरत होते, हे प्रश्न त्या इतिहासात येत नाहीत. दलितांच्या शिक्षणाचा खरा इतिहास मात्र याच प्रश्नांत दडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच बाबीचा, म्हणजे गृहपाठाचा, विचार करावयाचा आहे. विचार करताना उच्च प्राथमिक वर्ग आणि औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील शहागंजचा परिसर समोर ठेवला आहे.

उच्च प्राथमिक वर्गच का? चौथीपर्यंत शाळा अक्षर आणि अंक शिकविते. त्यानंतर तिची मागणी बदलते. विषयागणिक वही येते, निबंध येतो, गणिताची उदाहरणे घरून सोडवून आणावयाची असतात. नेमके याच वयात, अकरा ते चौदा वर्षांच्या दरम्यान, गरीब घराला त्या मुलाचे हात कामाचे वाटू लागतात. मुलगी असेल तर धाकटी भावंडे, पाणी आणि चूल तिच्याकडे येते. शाळा आणि पोट एकाच मुलाची संध्याकाळ मागतात. या ओढाताणीत कोण हरते हे सांगावयास पंडिताची गरज नाही. पूर्वी सातवीला ‘फायनल’ म्हणत. ती पास झालेल्याला मास्तरकी मिळे. ती न गाठलेल्यांची गणती कोणी ठेवली नाही.

1. परवचा आणि भाकर

गृहपाठ ही कल्पना इंग्रजी शाळेबरोबर आली असे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. पंतोजीच्या जुन्या गावठी शाळेतील मुलाला घरी संध्याकाळी परवचा म्हणावा लागे. दिवेलागणीला देवापुढे बसून पाढे, पावकी, निमकी, महिने, तिथी घोकावयाच्या आणि आजोबांनी किंवा वडिलांनी त्या ऐकावयाच्या, अशी ती रीत होती. याला काय काय लागत होते ते पाहा. दिवा लागत होता, बसावयास जागा लागत होती, संध्याकाळचा मोकळा वेळ लागत होता आणि चुकले तर सांगणारा जाणता माणूस लागत होता. हे सारे ज्या घरात होते त्या घराचीच ती रीत होती. पुढे शाळा सरकारी झाली, सर्वांची म्हणविली गेली. पण मूल घरी काय करील याविषयीची तिची समजूत त्याच घरातून आली.

त्याच दिवेलागणीला गावकुसाबाहेर काय चालले होते? ज्याची येसकरपाळी असे तो हाती काठी घेऊन दारोदार भाकर मागावयास निघे. पुष्कळदा त्याचे पोरही त्याच्या मागे असे. परवचा म्हणणारा मुलगा ओसरीवर बसलेला असे आणि त्याच घराच्या दारासमोर, सावली पडणार नाही इतक्या अंतरावर, त्याच वयाचा दुसरा मुलगा शिळ्या तुकड्याची वाट पाहत उभा असे. दोघांचीही संध्याकाळ तीच होती, पण एकीतून विद्या तयार होत होती आणि दुसरीतून लाचारी. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. त्याचा अर्थ केवळ जमिनीचा आणि बलुत्याचा नव्हता. आठही प्रहर राबण्यास बांधलेल्या माणसाला, आणि त्याच्या पोराला, स्वतःचा वेळ मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता. वेळ हीसुद्धा मालमत्ता आहे आणि वर्णव्यवस्थेने तिचीही वाटणी करून टाकली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

2. दारापासून फळ्यापर्यंत

गृहपाठापर्यंत पोहोचण्यापूर्वी दलित मुलाला शाळेचे दार ओलांडावयाचे होते. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एकाला घेतले तर बाकीचे सारे शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असा त्या नकारामागचा युक्तिवाद होता. पुढे कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे तत्त्व मान्य केले, पण कागदावरचे तत्त्व वर्गात उतरावयास कित्येक दशके गेली. जोतीराव फुल्यांनी 1848 पासून पुण्यात जे काम उभारले त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाकडे झालेल्या दुर्लक्षावर बोट ठेवले. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, मुलांना मोडी, बाळबोध, हिशेब आणि शेतीची माहिती मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. मूल ज्या घरातून येते त्या घराशी शाळेचे नाते असावे, हा त्यातील गाभा आहे.

दार उघडले तरी वर्ग उघडला नाही. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्या मुलाचे नाव दाखल झाले, त्याला वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट शाळेचा नोकर शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे लागे आणि सकाळी परत आणावे लागे. इतर मुले दप्तर नेत, हा मुलगा आपली बसावयाची जागाही खाकोटीला मारून नेत होता. शिपाई नळ सोडावयास नसला की तहान तशीच मरे. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गुरुजींनी त्याला उदाहरण सोडवावयास फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुलांनी गिल्ला केला आणि आधी डबे हलविले. गणिताचे उत्तर बरोबर येणार की नाही याची त्या वर्गाला फिकीर नव्हती. संस्कृत शिकावयाची इच्छा असून त्याला फारसी घ्यावी लागली. आज 7 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो पाळताना हे गोणपाट आणि हे डबे मुलांना सांगितले जातात काय, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारावा.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. एका छपराखाली आणणे ही पहिली पायरी होती. त्या छपराखालून सुटल्यावर कोण कोणत्या छपराखाली जातो, हा पुढचा प्रश्न उरलाच.

3. दोन निबंध

वर्गात लिहिलेल्या दोन निबंधांच्या हकिकती मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत.

पहिला निबंध मुक्ता साळवे हिचा. मांग समाजातील ही मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकत होती. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त दोन भागांत छापला गेला. ज्यांना धर्मग्रंथाकडे पाहण्याचीही मोकळीक नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने त्यात उभा केला. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते आणि त्या थंडीवाऱ्यात कशा भोगतात, हेही तिने लिहिले. शाळेने तिला लिहावयास सांगितले आणि तिने आपले घर लिहिले. दलित साहित्याचा उगम शोधणाऱ्यांनी या शाळकरी वहीपाशी थांबले पाहिजे.

दुसरा प्रसंग शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तला. हे आत्मकथन 1984 मध्ये आले. शाळेची सहल निघते. सवर्ण मुले एकीकडे पंगत करून जेवतात, महारांची मुले दुसरीकडे बसतात आणि उरलेले अन्न त्यांच्या वाट्याला येते. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहावयास सांगतात. मूल वही उघडून बसते आणि त्याला सुरुवात कशी करावी तेच कळत नाही.

या दोहोंमध्ये सुमारे सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. काळाने पुढे जावयास हवे होते. पण 1855 च्या वर्गात मुलीला आपले दुःख निबंधाचा विषय करता आले आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी, स्वातंत्र्यानंतरच्या शाळेत, मुलाला आपला अनुभव निबंधात बसत नाही असे वाटले. याचे कारण उघड आहे. पहिल्या वर्गात शिकविणाऱ्यांना मुलीचे घर ठाऊक होते आणि ते घर वहीत आलेले हवे होते. दुसऱ्या वर्गाला ‘माझी सहल’ या मथळ्याखाली ठराविक ओळी हव्या होत्या. झुळझुळ वाहणारा ओढा, हिरवीगार झाडी आणि गोडधोड डबे एवढेच त्या निबंधात मावत होते, उष्टे अन्न मावत नव्हते.

1970 नंतर दलित आत्मकथनांची जी मालिका उभी राहिली, तिच्यात शाळा सर्वत्र आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) बोर्डिंगाचे दिवस आहेत. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (1979) मराठवाड्यातील एका पोरक्या मुलाची भुकेशी झुंजत चाललेली शिक्षणाची वाट आहे, पुढे त्यांनी औरंगाबादेतच इंग्रजीचे अध्यापन केले. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (2003) मुलीला शाळेच्या आवारातले शेण काढावयास लावणारे गुरुजी आहेत आणि त्यांना जाब विचारणारी आईही आहे. शाळेने जो निबंध कधी लिहून घेतला नाही, तो या मंडळींनी मोठेपणी स्वतःहून लिहिला. ही आत्मकथने म्हणजे न तपासला गेलेला गृहपाठ होय.

4. घरची भाषा, शाळेची भाषा

शहागंजचा विचार करताना हैदराबाद संस्थान विसरता येत नाही. निजामी अमलात प्राथमिक शाळेला तहतानिया, माध्यमिकच्या आधीच्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कूलला फौकानिया म्हणत. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाने सुरू झाले आणि वरच्या इयत्तांत उर्दूचे वर्चस्व पक्के झाले. औरंगाबाद हे तर उर्दूच्या अभ्यासाचे मोठे केंद्र होते. मौलवी अब्दुल हक यांनी याच शहरात राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम चालविले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो भारतातील मोठा प्रयोग होता, हे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पण संस्थानातील बहुसंख्य रयतेची घरची भाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी होती. सवर्ण मराठी मुलाला घरी शिकवणी लावून ही खिंड ओलांडता येई. 1915 पासून श्री सरस्वती भुवनसारखी संस्थाही शहरात उभी राहिली होती. महारवाड्यातल्या मुलापुढे मात्र दोन भिंती होत्या. एक जातीची होती आणि दुसरी भाषेची. 1951 च्या शिरगणतीत हैदराबाद राज्यातील साक्षरता दहा टक्क्यांच्याही आत होती. त्यात दलितांचा वाटा काय असेल हे निराळे सांगावयास नको.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली. शाळांतून मराठी आली. भाषेची भिंत पडली असे वाटले, परंतु ती नुसती सरकली. पुस्तकातली मराठी ही वाड्यातली मराठी होती. मूल ‘म्या गेलतो’ म्हणाले की वर्ग हसे आणि वहीत लिहिले की लाल रेघ येई. चूक व्याकरणाची समजली जाई, पण तिच्यातून मुलाला कळे ते वेगळेच असे. आपली आई जे बोलते ते अशुद्ध आहे, असा त्याचा अर्थ होई. शहागंजच्या आसपास आज मराठी आणि उर्दू अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. दखनी बोलत शाळेत येणाऱ्या मुसलमान कारागिराच्या मुलालाही पुस्तकी उर्दूची हीच लाल रेघ सोसावी लागते. दोघांची दुकाने शेजारी आहेत, दोघांच्या वह्यांचे दुखणेही एकच आहे. चळवळीने हे पाहिले पाहिजे.

प्रमाणभाषा शिकवू नये असे येथे म्हणावयाचे नाही. ती शिकलीच पाहिजे, किंबहुना तिच्यावर हुकमत मिळविली पाहिजे. मात्र घरची भाषा पुसून ती शिकवावयाची की घरच्या भाषेवर उभी करून, हा शिक्षकाच्या निवडीचा प्रश्न आहे.

5. वसतिगृहाचा अर्थ

गृहपाठाला घर लागते आणि आपल्या मुलाला तसे घर नाही, हे बाबासाहेबांना पुस्तकात वाचून कळले नव्हते. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. मुलगा लवकर झोपे आणि रात्री दोन वाजता वडील त्याला उठवून दिव्यापाशी अभ्यासाला बसवीत. रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते, म्हणून ते झाले. ज्या मुलांच्या घरी असा बाप नव्हता आणि एक खोलीही नव्हती, त्यांचे काय?

20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि 4 जानेवारी 1925 रोजी तिने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. सभेने आपल्या कामाच्या आरंभीच वसतिगृह हाती घेतले, याकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. वसतिगृह म्हणजे दोन वेळचे अन्न, अंथरूण, दिवा, आणि शेजारी बसून अभ्यास करणारा सोबती. परवचा म्हणणाऱ्या मुलाला जन्मानेच जे मिळत होते, ते संघटनेच्या बळावर उभे करण्याचा हा मार्ग होता. ‘शिका’ हा आदेश पाळता यावा यासाठी लागणारे छप्पर चळवळीने आधी घातले.

याच विचाराचा विस्तार औरंगाबादेत झाला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेच मिलिंद महाविद्यालय आणि तोच नागसेनवनाचा परिसर. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आलेल्या मुलांना तेथील वसतिगृहांनी अभ्यासाची जागा दिली. दलित साहित्याची एक पिढीच या परिसरात लिहिती झाली. शहागंजहून हा परिसर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरी शहरातल्या बाजारात राबणाऱ्या घरातील सहावी-सातवीच्या मुलाला तो फार दूर होता. महाविद्यालयाचे दार उघडले होते, पण त्या दारापर्यंत पोहोचण्याच्या वाटेतच मुले गळत होती.

आणि जे पोहोचले त्यांच्याही घरांचे काय झाले ते मराठवाड्याने पाहिले आहे. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेडोपाडी दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तार होण्यास 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. घर जळते तेव्हा त्यात पुस्तके आणि वह्याही जळतात. शिकलेल्या दलिताचा राग घरावर काढला गेला, यातच घर आणि शिक्षण यांचे नाते किती जवळचे आहे ते दंगेखोरांनाही कळले होते असे दिसते.

6. शहागंजची संध्याकाळ

आता आजच्या शहागंजकडे वळू. निजामी काळातील घड्याळाचा मनोरा, जुनी मशीद, भाजी, फळे, कपडे, चपला यांच्या हातगाड्या आणि त्यांच्या मागे गल्ल्यांत दाटलेली घरे. संध्याकाळी पाच ते नऊ ही बाजाराची वेळ आणि तीच गृहपाठाची. आई भाजी निवडते, बाप गाडा सांभाळतो किंवा हमाली करतो, आणि शाळेतून आलेले पोर सुट्टे पैसे मोजत उभे राहते. हे पोर तोंडी हिशेबात वाकबगार असते. पाव किलोचा भाव ते क्षणात सांगते. मात्र वहीतले अपूर्णांकांचे उदाहरण कोरे राहते आणि सकाळी प्रार्थनेच्या आधी दुसऱ्याच्या वहीतून उतरवले जाते. गाड्यावरचे गणित आणि वहीतले गणित एकच आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

वही कोरी राहिली की शेरा येतो: ‘अभ्यासाकडे लक्ष नाही. पालकांची सही आणावी.’ सहीच्या जागी अंगठा उठतो. लक्ष नाही, हा शेरा मुलावर असतो. दिवा नाही, जागा नाही, वेळ नाही आणि सांगणारे कोणी नाही, हा शेरा समाजावर पडावयास हवा. पण त्यासाठी वहीत रकाना नसतो. पूर्वी ‘यांना विद्या येतच नाही’ असे म्हणत. आता ‘यांच्या घरी वातावरण नाही’ असे म्हणतात. शब्द मऊ झाले, निकाल तोच राहिला.

शासनाला यातले काही कळत नाही असे नाही. यशपाल समितीने 1993 च्या अहवालात प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये, अपवाद फक्त घरच्या परिसराच्या शोधाचा असावा, आणि उच्च प्राथमिक वर्गांत आवश्यक तेवढाच, पुस्तकाबाहेरचा गृहपाठ असावा असे सुचविले. 1996 मध्ये राज्यात पाचवी ते सातवीच्या अनुसूचित जातींतील मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा ती दरमहा 60 रुपये होती. गळती याच इयत्तांत होते ही त्यातली कबुली महत्त्वाची आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवस आणि 1000 तासांचे अध्यापन बंधनकारक केले. मात्र त्या हजार तासांच्या बाहेर मुलावर काय लादले जाते, याविषयी कायदा बोलत नाही. 2020 च्या केंद्रीय दप्तर धोरणात सहावी ते आठवीला दिवसाला फार तर एक तासाचा गृहपाठ सांगितला आहे. एक तास हा आकडा समान दिसतो. स्वतंत्र खोलीतला तास आणि हातगाडीमागचा तास सारखाच मोजला जातो, ही त्यातली खोच आहे.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि सारी शाळाच गृहपाठ झाली. ज्या घरात एकच मोबाईल होता आणि तो बापासोबत कामावर जात होता, त्या घरातील मूल वर्गातूनच नाहीसे झाले. गेल्या दोनशे वर्षांत जे हळूहळू घडत होते ते त्या दीड-दोन वर्षांत एकदम उघड्यावर आले. शाळा म्हणजे अखेर एक छप्पर आहे आणि ज्याला दुसरे छप्पर नाही त्याला तिची गरज सर्वांत अधिक आहे, हे त्या काळाने सिद्ध केले.

7. काय करावयास हवे

शिक्षक मित्रांना सांगावयाचे आहे ते एवढेच. गृहपाठ द्यावयाचा तर आधी घर पाहा. शाळा सुटल्यावर एक वर्ग तासभर उघडा ठेवा आणि ज्यांना घरी जमत नाही त्यांचा पाठ तेथेच करवून घ्या. जनगणना आणि निवडणुकीच्या कामांखाली शिक्षकही दबलेला असतो, याची जाणीव आहे. म्हणूनच ही मागणी एकट्या शिक्षकावर न टाकता पालिकेकडे आणि जिल्हा परिषदेकडे केली पाहिजे. निबंधाचे विषय बदला. ‘आमचा बाजार’, ‘आईचा दिवस’, ‘आमच्या गल्लीतले पाणी’ यांवर मुलांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या. व्याकरण नंतर दुरुस्त करता येते; एकदा गप्प बसलेले मूल पुन्हा बोलते करणे कठीण असते.

कार्यकर्त्यांना दुसरी गोष्ट सांगावयाची आहे. वस्तीतील बुद्धविहारात वंदना झाली की कुलूप लागते, समाजमंदिर लग्नापुरते उघडते. जयंतीच्या मिरवणुकीवर जेवढा पैसा आणि वेळ आपण खर्च करतो त्याच्या काही अंशात प्रत्येक वस्तीत रोज दोन तास चालणारी अभ्यासिका उभी राहू शकते. तेथे लागते काय? एक दिवा, एक सतरंजी आणि महाविद्यालयात शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी. सोलापूरच्या वसतिगृहामागचा विचार हाच होता, तो वस्तीपर्यंत आणणे आपल्या हाती आहे. त्या सतरंजीवर शेजारच्या गल्लीतली उर्दू शाळेची पोरेही आली तर त्यांना जागा करून द्यावी. गोणपाटावर वेगळे बसविलेल्या माणसाच्या वारसांना सतरंजीवर भेद करता येणार नाही.

शाळेचे दार उघडावयास आपल्या पूर्वजांना शतक लागले. आता आठवीच्या आत एकही वही कोरी राहणार नाही, एवढे या पिढीने पाहावे.